माडीवरच्या टर्नटेबलला हम येतो, मागांचे हादरे बसतात: ग्राउंडिंग बॉक्स आणि कोन घेऊ का?

शहापूरचा_श्रोता:

नमस्कार मंडळी. बेळगावात शहापूरला जुन्या घराच्या माडीवर माझी गाणी ऐकायची खोली आहे. सागवानी तुळया, त्यावर फळ्या, वर कौलं. वडिलांनी जमवलेल्या रेकॉर्डी आहेत, त्यात कुमार गंधर्व, मल्लिकार्जुन मन्सूरअण्णा आणि गंगूबाई हनगल जास्त. बेल्ट ड्राइव्ह टर्नटेबल, मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज (सुई बसवलेला, सिग्नल काढणारा भाग), रेकॉर्डसाठीचा फोनो इनपुट असलेला जुना अँप्लिफायर आणि जमिनीवर उभे राहणारे दोन स्पीकर. टर्नटेबल आणि अँप एकाच टेबलावर, शेजारी शेजारी. टीव्हीचा सेट टॉप बॉक्सही त्याच अँपला जोडलाय.

त्रास दोन आहेत. पहिला, सतत हम, म्हणजे स्पीकरमधून एकसुरी घूं आवाज. दुसरा, मागच्या गल्लीतले यंत्रमाग चालू झाले की खालच्या सुरात घरघर येते, आणि आमची पोरगी खोलीतून पळाली की सुई उडते.

पुण्याच्या एका दुकानदारानं उपाय सांगितलाय: आत कसलीतरी खनिजं भरलेला ग्राउंडिंग बॉक्स आणि सगळ्या उपकरणांखाली पितळी कोन. दोन्ही मिळून माझ्या अँपपेक्षा महाग. कुणी वापरलंय का? घेऊ की नको?

निपाणीचा_नाद:

कोन मी लावलेत, सीडी प्लेयरखाली. फरक वाटतो बघा, आवाज मोकळा होतो. बॉक्सचं माहीत नाही. एकदा घरी मागवून ऐका, परत घेत असतील तर बिघडलं कुठं?

उद्यमबागचा_काका:

पैसे खिशातच ठेवा ओ अगोदर.

मी उद्यमबागेत मशीन शॉपच्या मेंटेनन्सला होतो, नोकरीभर. काँप्रेसर आणि पॉवर प्रेसच्या पायाखाली काय घालायचं, पॅनेलचं अर्थिंग लागतंय की नाही, हेच काम. गाण्याचा नाद नंतर लागला. पण हादऱ्याला आणि करंटला, तुम्ही वर भीमसेन ऐकताय की पत्रा कापताय, हे काय कळत नाही. नियम तेच.

तुमच्या दोन तक्रारी आधी वेगळ्या करा. रेकॉर्ड थांबलेली ठेवा, मोटर बंद, सुई वर उचललेली, आवाज नेहमीपेक्षा जरा वाढवलेला. हम आला तर तो विजेचा. आता सुई थांबलेल्या रेकॉर्डवर टेकवा आणि टेबलावर बोटानं टकटक करा. स्पीकरमधून ढब ढब आलं, किंवा आवाज वाढवल्यावर आपोआप घूं वाढत गेली, तर ती हादऱ्याची बाब. या दोन्हींवर एकच वस्तू विकणारा माणूस ताप आणि मुरगळलेला पाय दोन्हीला एकच गोळी देणाऱ्या डॉक्टरसारखा.

हमचं पहिलं. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून निघणारा सिग्नल ५ मिलिव्होल्टच्या आसपास असतो. त्यात रेकॉर्डवर खाचा कापताना खालचे सूर मुद्दाम दाबलेले असतात, ते परत उचलायला फोनो स्टेज (अँपमधला रेकॉर्डचा सिग्नल वाढवणारा भाग) ५० हर्ट्झला १००० हर्ट्झच्या मानानं साधारण ७ पट जास्त वाढवते. म्हणजे आपल्या घरच्या विजेची जी फ्रिक्वेन्सी, नेमकी तीच सगळ्यात जास्त फुगवली जाते. म्हणून सीडीवर जो हम कधी कळत नाही तो रेकॉर्डवर कळतो. आणि शास्त्रीय गाण्याला तो जास्तच छळतो. गायक काळी एकचा असेल, म्हणजे त्याचा सा पेटीच्या काळी एक पट्टीवर, तर तानपुऱ्याचा खर्ज (खालचा सा) ६९ हर्ट्झवर येतो. अँपमधल्या रेक्टिफायरकडून (एसीचं डीसी करणारा भाग) येणारा हम १०० हर्ट्झचा. हिशेब करा, तो तीव्र मध्यम आणि पंचम यांच्या मधे कुठंतरी लोंबकळत राहतो. भूप लावा नाहीतर आणि काही, कानाला बोचणारच.

शोधायची रीत. टर्नटेबलमधून एक बारीक वायर बाहेर येते, टोकाला चिमटा असतो. ती अँपच्या मागच्या ग्राउंडच्या स्क्रूला घट्ट आहे का? स्क्रूवर गंज असेल तर पॉलिश पेपर मारा. काही कंपन्यांच्या टर्नटेबलला ही वायरच नसते, उदाहरणार्थ रेगा. त्यांचं आर्मचं (सुई धरणाऱ्या दांडीचं) ग्राउंड डाव्या चॅनेलच्या केबलच्या जाळीतूनच जातं. तसलं असेल तर वायर शोधत बसू नका.

मग टर्नटेबल अँपपासून हातभर लांब उचलून धरा, केबल लावलेलीच. हम कमी झाला तर तो अर्थिंगचा नव्हेच, अँपच्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र कार्ट्रिजच्या कॉइलमध्ये घुसतंय. त्याला जगातला कुठलाच ग्राउंडिंग बॉक्स उपयोगाचा नाही. लांब ठेवणं हाच उपाय, आणि तो फुकट.

आता माझा खरा संशय. सेट टॉप बॉक्सच्या मागची केबलवाल्याची वायर काढा. अँपमधून नव्हे, भिंतीतून येणारी ती काळी गोल वायर. तिची जाळी गल्लीत कुठल्यातरी खांबावर अर्थ झालेली असते, तुमचा अँप घरच्या तीन पिनमधून अर्थ होतो. दोन अर्थमध्ये थोडा जरी फरक असला की तो करंट तुमच्या ऑडिओ केबलच्या जाळीतून फिरतो. यालाच ग्राउंड लूप म्हणतात. वायर काढून हम गेला की कळवा.

हादऱ्याचं रात्री लिहितो, आता जेवायला हाक आलीय.

चिकोडी_ट्यूब_अँप:

काका, माझा अनुभव वेगळा. ऑडिओसाठी स्वतंत्र अर्थ करावा. बागेत तांब्याचा रॉड ठोकायचा, फक्त अँपला जोडायचा, घरच्या अर्थिंगला हात लावायचा नाही. घरच्या अर्थिंगवर फ्रिजची आणि पंपाची घाण असते.

उद्यमबागचा_काका:

चिकोडीकर, एवढं मात्र करू नका, आणि केलं असेल तर आजच घरच्या अर्थिंगला जोडून घ्या. स्वतंत्र रॉड घरच्या अर्थपासून तुटलेला ठेवला तर एका घरात दोन अर्थ झाले. आपल्याकडं एप्रिल मे महिन्यात वळीव कसा येतो ते ठाऊक आहे. जवळपास वीज पडली की दोन रॉडच्या मधल्या मातीत मोठा व्होल्टेज उभा राहतो, आणि तो दोन अर्थच्या मधे सापडलेल्या वस्तूतून जातो. ती वस्तू म्हणजे तुमचा ट्यूब अँप. शिवाय अँपमध्ये फेज बॉडीला लागला, तर एकट्या रॉडमधून एमसीबी पडण्याइतका करंट जाईलच असं नाही. बॉडी जिवंत राहते. रॉड हवे तेवढे ठोका, पण सगळे एकमेकांना जोडलेले पाहिजेत. आणि हम घालवायला तिसरी पिन मोडणारे महाभाग मी बघितलेत, त्यांच्याशी वाद घालत नाही, फक्त त्यांच्या अँपला हात लावत नाही.

शहापूरकर, तुम्ही जुन्या घरात आहात म्हणून एक तपासाच. वायरमनला मल्टीमीटर घेऊन बोलवा. फेज न्यूट्रल २३० दाखवेल. फेज अर्थही जवळपास तेवढंच पाहिजे. न्यूट्रल अर्थ २ ते ३ व्होल्टच्या आत पाहिजे. फेज अर्थ भलतंच काही, शंभर वगैरे दाखवत असेल तर तुमची अर्थिंग फक्त सॉकेटच्या भोकापुरती आहे. जुन्या घरांतून अर्थची वायर नळाच्या लोखंडी पाइपला बांधलेली असायची. मधे कधीतरी प्लंबरनं पाइप बदलून पीव्हीसी टाकला, झालं. पाणी येतंय म्हणून कुणाच्या लक्षातच येत नाही.

अर्थिंगचा खड्डा असेल तर तो उन्हाळ्यात तपासा. पावसाळ्यात आपल्याकडं सगळ्यांचीच अर्थिंग झकास असते, जमीन जूनपासून भिजलेली. मार्च संपला की तांबडा मुरूम वाळतो आणि रेझिस्टन्स चढतो. कोळसा मीठ घातलेला खड्डा असेल तर त्या दिवसांत त्यात पाण्याची बादली ओतत जा. दुकानदाराच्या बॉक्सपेक्षा ही बादली जास्त काम करते. त्या बॉक्सची वायर कुठल्याच जमिनीला जात नाही. बंद पेटीत खनिज पूड आणि एक टर्मिनल. हमचा करंट वर्तुळात फिरत असतो, एका टोकाला पेटी लोंबकळवून वर्तुळ तुटत नाही.

आता हादरे.

पितळी कोन हादरा अडवत नाहीत. टोकदार वस्तू कडक असते, ती हादरा वर पोचवते. कोन किंवा स्पाइक हे वस्तू हलू नये म्हणून असतात, दगडी फरशीवर स्पीकर डुलू नये वगैरे. तुमच्या फळ्यांवर कोन लावलात तर मागाचा हादरा काटेकोरपणे टर्नटेबलला मिळेल. निपाणीकर, सीडी प्लेयरखाली तुम्हाला फरक वाटतो त्याला माझी हरकत नाही, पण सीडी प्लेयरला सुई नाही.

अडवायला मऊ पाहिजे, आणि किती मऊ ते मोजता येतं. स्प्रिंगवर वजन ठेवल्यावर ती किती मिलिमीटर बसली ते बघा, त्याचं वर्गमूळ काढा, १५.८ ला त्यानं भागा. आलेला आकडा म्हणजे त्या स्प्रिंगची स्वतःची फ्रिक्वेन्सी, हर्ट्झमध्ये. ४ मिलिमीटर बसली तर जवळजवळ ८ हर्ट्झ. १६ मिलिमीटर बसली तर ४. अडवायचं काम या आकड्याच्या साधारण दीडपटीच्या वर सुरू होतं. त्याच्या खाली काहीच अडत नाही, आणि नेमक्या त्या आकड्यावर हादरा उलट वाढतो.

इथंच गंमत आहे. आर्म आणि कार्ट्रिज यांची मिळून स्वतःची फ्रिक्वेन्सी असते, ती ८ ते १२ हर्ट्झमध्ये असावी असं मानतात. लाकडी माडीची थरथरही बऱ्याचदा त्याच भागात पडते. पोरगी पळाली, फळी थरथरली, आर्मनं तोच सूर पकडला, सुई उडाली. त्यात तुम्ही ४ मिलिमीटर बसणारे रबरी पाय घातलेत तर तिसरा भाऊ त्यात सामील. म्हणून महागड्या डबीतले रबरी पाय घेऊन लोक म्हणतात, उलट वाईट झालं. रबर खराब नसतं, वजनाला जुळलेलं नसतं.

मागाचा हिशेब आणखी वाईट. साधा यंत्रमाग मिनिटाला दीडशेच्या आसपास धोटा फेकतो, म्हणजे सेकंदाला अडीच. अडीच हर्ट्झ अडवायला टेबलावर मावेल अशी स्प्रिंग नाही. पण घाबरू नका, घरघर त्या अडीचची नसते, धोट्याच्या प्रत्येक ठोक्याबरोबर वरचे जे हादरे निघतात त्यांची असते, आणि ते अडतात.

म्हणून माझा सल्ला, या क्रमानं: टर्नटेबल फळ्यांवरून उचलून भिंतीवर न्या, भार पेलणाऱ्या जाड भिंतीवर, लोखंडी ब्रॅकेटवर. पळणाऱ्या पोरीचा प्रश्न तिथंच संपतो. त्यावर स्कूटरची जुनी ट्यूब, ३.५०-१० मापाची, अर्धवट हवा भरलेली, वाल्व्ह बाजूला काढून. ट्यूबवर कडप्प्याचा तुकडा, दीड फूट लांबरुंद आणि २० मिलिमीटर जाड, दहा बारा किलो भरतो. त्यावर टर्नटेबल, लेव्हल बाटलीनं बघून. हवा कमी जास्त करत जा, बोटानं ढकलल्यावर कडप्पा सावकाश डुलला पाहिजे, थरथरला नाही पाहिजे. कडप्पा फरशीवाल्याकडं तुकड्यात मिळतो, ट्यूब पंक्चरवाल्याकडं. बिल पाठवू नका.

स्पीकर त्या भिंतीपासून लांब घ्या.

शहापूरचा_श्रोता:

काका, केबलवाल्याची वायर काढली आणि हम जवळपास गेला! उरलेला होता तो टर्नटेबल लांब धरल्यावर गेला. पण टीव्हीचा आवाज अँपवर पाहिजे, आई सिरियल बघते. वायर कायमची कशी काढू?

वायरमननं बघितलं, माडीवरच्या एका सॉकेटला अर्थच नव्हता, वायर आत तुटलेली. ती करून घेतली.

खानापूरची_रेखा:

ऑप्टिकल केबल वापरा. सेट टॉप बॉक्सला किंवा टीव्हीला मागं ऑप्टिकल आउट असतो, तिथून एक साधा डॅक (डिजिटल सिग्नलचा साधा ऑडिओ सिग्नल करणारी डबी), डॅकमधून अँपला. काचेतून किंवा प्लॅस्टिकमधून उजेड जातो, करंट जात नाही, लूप तुटला. डॅकचा चार्जर दोन पिनचा असेल तर उत्तमच. आमच्याकडं असंच चालू आहे. ऑप्टिकल आउट नसेल तर केबलच्या वायरमध्ये लावायचा, लूप तोडणारा छोटा आयसोलेटर मिळतो, टीव्हीवर चित्र नीट येतंय ना ते बघून घ्या. आणि वळवाच्या दिवसांत ढग गडगडले की केबलची वायर काढूनच ठेवायची, नुसता स्विच बंद करून भागत नाही.

एक विचारते काकांना. आमच्या भिंती जांभ्या दगडाच्या, मातीत बांधलेल्या. ब्रॅकेट धरेल का? शहापूरकरांचंही घर जुनं आहे म्हणून.

उद्यमबागचा_काका:

चांगलं विचारलं ताई. मातीत बांधलेल्या भिंतीत प्लॅस्टिकचा प्लग किंवा फुगणारा लोखंडी अँकर लावू नका. अँकर फुगला की जांभा भुगा होतो, आणि दगडांच्या सांध्यात लागला तर मातीतून सरळ बाहेर येतो. एका दगडाच्या मधोमध भोक घ्या, सांध्यात नको. पलीकडची बाजू आपलीच असेल तर आरपार १० मिलिमीटरची थ्रेडेड रॉड घाला, पलीकडं हातपंजाएवढी लोखंडी पट्टी देऊन नट आवळा. पलीकडं शेजारी असेल तर केमिकल अँकर, भोक ब्रशनं आणि फुंकून स्वच्छ करून. कडप्पा, टर्नटेबल, ब्रॅकेट धरून वजन वीस किलोच्या वर जातं. टर्नटेबल ठेवायच्या आधी दोन दिवस तेवढ्याच वजनाचं तांदळाचं पोतं ब्रॅकेटवर ठेवून बघा.