तिचा भाऊ, त्याचा भाचा

निशिगंध :
ग्रीक नाटककार सॉफोक्लीसचं 'अँटिगनी' हे नाटक (इ.स.पू. ४४१ च्या सुमारास) परवा पुन्हा वाचलं आणि या वेळी मला क्रिऑनची बाजू पटली. शिव्या खायची तयारी ठेवून लिहिते आहे.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी : थीब्ज या ग्रीक शहराच्या गादीवरून दोन सख्ख्या भावांत भाऊबंदकी पेटली. एटिओक्लीस शहरासाठी लढला. पॉलिनायसीस आर्गॉस या दुसऱ्या शहराची फौज घेऊन आपल्याच गावावर चालून आला. दोघे एकमेकांच्या हातून मेले आणि राज्य त्यांच्या मामाकडे, क्रिऑनकडे आलं. त्याने हुकूम काढला : एटिओक्लीसचे सगळे संस्कार मानाने करायचे, पॉलिनायसीसला मूठमाती द्यायची नाही. देईल त्याला देहदंड. बहीण अँटिगनीने ती दिली.

शत्रूची फौज आदल्या रात्रीच माघारी गेली आहे. अशा वेळी राखणारा आणि जाळायला आलेला एकाच मापाने मोजायचे? भाच्याला सूट दिली असती तर आपणच म्हटलं असतं की नियम फक्त परक्यांना. देशापेक्षा मित्राला मोठं मानणाऱ्याला मी कवडीचीही किंमत देत नाही, असं क्रिऑन सुरुवातीलाच सांगतो. अथेन्सचा वक्ता डेमॉस्थेनीस याने इ.स.पू. ३४३ मध्ये एका खटल्यात हेच भाषण आदर्श म्हणून वाचून दाखवायला लावलं होतं. अथेन्सच्या लोकांना त्यात खलनायक दिसला नव्हता.

जुना कारकून :
निशिगंधताई, माझी उभी नोकरी कोर्टात गेली, म्हणून हा मुद्दा सोडवत नाही. क्रिऑन ज्याला 'कायदा' म्हणतो त्याला अँटिगनी त्याच्या तोंडावर 'तुझी दवंडी' म्हणते. मूळ ग्रीक शब्द केरिग्मा, म्हणजे दवंडीच. ना सभा भरली, ना कोणाला विचारलं.

शिक्षेचं बघा. आधी जाहीर काय केलं? भर गावात दगडांनी ठेचून मारणार. पुढे काय ठरलं? कातळातल्या गुहेत जिवंत चिणायचं आणि थोडं अन्न ठेवायचं, म्हणजे गावाला पाप लागणार नाही. मध्येच अँटिगनीची बहीण इस्मिनी हिलाही मरणाची शिक्षा सुनावली आणि मग मागे घेतली. एका दिवसात इतक्या वेळा बदलतो तो कायदा नव्हे, मर्जी आहे. त्याचाच मुलगा हेमन, अँटिगनीशी लग्न ठरलेला, त्याला ऐकवतो की एकाच माणसाच्या मालकीचं ते शहरच नव्हे.

पाणवठा :
कारकूनकाका, अर्धंच पटलं. देशद्रोह्याला अथेन्सभोवतीच्या अ‍ॅटिकाच्या भूमीत पुरायचं नाही असा कायदा खुद्द अथेन्समध्ये होता, तेव्हा प्रेक्षकांना हुकूम अगदी परका वाटला नसणार. सलामिसची लढाई जिंकून देणारा थेमिस्टोक्लीससुद्धा त्यात सापडला. तो परमुलखात वारला. त्याच्या इच्छेप्रमाणे अस्थी गुपचूप आणून अ‍ॅटिकात पुरल्या, असं त्याचे नातेवाईक सांगत, हे इतिहासकार थ्युसिडिडीस नोंदवतो. कायदा खरा असला तरी घरची माणसं तो मोडतातच. म्हणून कायदा चुकीचा ठरत नाही.

जुना कारकून :
उदाहरण उत्तम, पण ते माझ्याच बाजूला जातं. तो कायदा म्हणतो, आमच्या हद्दीत नको. हद्दीबाहेर नेऊन पुरायची वाट मोकळी राहते. क्रिऑनने ती ठेवली का? प्रेताभोवती पहारा बसवला, कुत्र्या-गिधाडांनी खावं म्हणून. अँटिगनीने पहिल्यांदा लोटलेली माती पहारेकऱ्यांनी झाडून काढली आणि दुर्गंधी टाळायला वाऱ्याच्या उलट्या बाजूला टेकाडावर जाऊन बसले. पहारेकरी सांगतो, ती परत आली आणि उघडं पडलेलं शरीर पाहून रिकामं घरटं दिसलेल्या पाखरासारखी किंचाळली. मग हातांनी माती आणली आणि काशाच्या झारीतून तीन वेळा धार धरली. एवढ्याने कोणतं राज्य बुडतं?

रेवा :
इथे लिहू की नको असं झालं होतं. २०२१ च्या एप्रिलमध्ये माझी आई कोविडने गेली. आम्हाला लांब उभं केलं होतं. मी तांब्याच्या लोटीत गंगाजल नेलं होतं. तिथल्या माणसाने लोटी घेतली, पण पिशवीची चेन उघडली नाही. पाणी वरून, प्लास्टिकवर शिंपडलं. ते ओघळून खाली गेलं.

तरीही मी त्या नियमावर रागावलेले नाही. तो सगळ्यांना होता आणि जिवंत माणसांना वाचवण्यासाठी होता. थीब्जमध्ये नेमकं उलटं आहे. आंधळा भविष्यवेत्ता टायरेसिअस येऊन सांगतो की पक्ष्यांनी आणि कुत्र्यांनी त्या प्रेताचे तुकडे वेदींवर आणून टाकलेत, देव आहुती घेत नाहीत, गाव आजारी आहे. नियमच गावाला बाधतो आहे. निशिगंध, नियम पाळून दुःख कसं गिळतात ते मला माहीत आहे. म्हणूनच क्रिऑनची बाजू मला घेता येत नाही.

निशिगंध :
रेवा, वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. नियम कशासाठी आहे हा तुझा निकष मला मान्य आहे आणि टायरेसिअसनंतरचा क्रिऑन मीही सोडून देते.

पण अँटिगनीला 'कुटुंबनिष्ठा' हा शब्द मी देणार नाही. जिवंत बहीण इस्मिनी 'मीही तुझ्याबरोबर मरते' म्हणत येते, तिला ती झिडकारते. शेवटी म्हणते, हे मी नवऱ्यासाठी केलं नसतं की मुलासाठी. ते पुन्हा मिळतील, आईवडील गेल्यावर भाऊ पुन्हा नाही. या ओळी जर्मन कवी गटेला इतक्या खटकल्या की त्या मागाहून घुसडलेल्या ठराव्यात असं त्याला वाटे. अ‍ॅरिस्टॉटल मात्र त्या सॉफोक्लीसच्याच म्हणून देतो. क्रिऑनसमोर ती देवांच्या न लिहिलेल्या नियमाचा हवाला देते. तो सगळ्या मेलेल्यांसाठी असतो ना? मग नवरा आणि मूल कसे सुटले?

जुना कारकून :
ओळी अवघड आहेत, खरं. मी त्या मरणाच्या दारातल्या माणसाच्या समजतो, तिथे तर्क तपासू नये. पण क्रिऑनचा एक क्षण बघा. तो हबकतो तेव्हा गावचे वृद्ध त्याला क्रमाने सांगतात : आधी पोरीला सोडव, मग प्रेताला मूठमाती दे. तो आधी प्रेताकडे जातो. उरलेलं शरीर धुतो, ताज्या डहाळ्यांवर दहन करतो, वर मातीचा ढीग रचतो. सगळं यथासांग. मग गुहेकडे निघतो. आपल्याकडे मामा भाचीला बोहल्यावर आणतो. ती तर त्या गुहेलाच आपलं लग्नघर म्हणते, आणि तिला तिथे धाडणाराही मामाच.

निशिगंध :
तो क्रम मी वाचून पुढे गेले होते, कबूल. पण काका, तो पोचला होता. तिच्याजवळ अन्न होतं. तिने वाट न बघता अंगावरच्या तलम वस्त्राचा फास केला. हेमनचं नाव तिच्या शेवटच्या बोलण्यात एकदाही येत नाही, आणि क्रिऑन आत गेला तेव्हा हेमन तिच्या कमरेला मिठी मारून रडत होता.