आजोबांच्या निगेटिव्हना आंबूस वास येतोय, काय करू?

रंकाळाकाठ: आजोबांचा शाहूपुरीत फोटो स्टुडिओ होता. २०१९ च्या महापुरात खाली पाणी शिरलं, पण निगेटिव्हचा पत्र्याचा डबा माळ्यावर होता म्हणून वाचला. परवा उघडला तर व्हिनेगरचा असा भपकारा आला की डोळ्यांत पाणीच आलं. काही निगेटिव्ह वाकड्या झाल्यात, तालमीतल्या एका पैलवानाच्या छातीवर फुगवटे आलेत. डांबरगोळ्या टाकून डबा परत घट्ट लावू का? कोल्हापुरात कोण बघून देईल?

डार्करूमवाला: अहो, घट्ट लावू नका! त्या घट्ट डब्यानंच घात केलाय. जुनी फिल्म बहुतेक ॲसिटेट नावाच्या प्लॅस्टिकची असते. उष्णतेनं आणि दमटपणानं ती कुजायला लागली की ॲसेटिक ॲसिड सुटतं, म्हणजे व्हिनेगरमधलंच. ते बाहेर पडलं नाही की कुजणं आणखी वाढतं आणि शेजारच्या चांगल्या निगेटिव्हलाही लागतं. पट्टी आकसते, वरचा जिलेटिनचा थर आकसत नाही, म्हणून ते फुगवटे. पुराच्या पाण्यातनं वाचलं आणि माळ्यावरच्या उन्हाळ्यानं खाल्लं म्हणायचं.

खिडक्या उघड्या ठेवून वासाच्या निगेटिव्ह आजच वेगळ्या करा. कडेला धरा, पाण्यानं धुऊ नका. प्रत्येकीला साध्या कागदाचं, शक्यतो ॲसिड नसलेलं पाकीट. प्लॅस्टिक नको, डांबरगोळ्या तर नकोतच. गेलेलं परत येत नाही, वेग तेवढा कमी होतो. म्हणून फोटो आधी काढून घ्या. लॅपटॉपवर कोरं पांढरं पान उघडा, त्याच्यापासून बोटभर वर निगेटिव्ह धरा म्हणजे स्क्रीनचे ठिपके येणार नाहीत, मोबाईलनं टिपा आणि रंग उलटे करा. दुकानवाला शोधण्यात महिना घालवू नका.

शुक्रवारपेठी: फ्रीजमध्ये ठेवल्या तर?

डार्करूमवाला: चालतं, थंडीत वेग खूप मंदावतो. तेवढ्यापुरती झिपची पिशवी, आत सिलिका जेल. बाहेर काढल्यावर मात्र पिशवी लगेच उघडायची नाही, खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची. नाहीतर दव धरतं. आपल्याकडच्या जुलैत तर विचारूच नका.

पन्हाळकर_ताई: कडेवर इंग्रजीत ‘सेफ्टी’ छापलंय का बघा. नसेल आणि फिल्म पिवळी-तपकिरी, चिकट झाली असेल तर ती नायट्रेटची असू शकते. नायट्रेट भडकन पेटतं. काडी लावून खात्री करायच्या भानगडीत पडू नका (आमच्या काकांनी केली होती, भुवया गेल्या).

रंकाळाकाठ: सगळ्यांवर ‘सेफ्टी’ आहे, सुटलो. रात्री जागून चाळीसेक टिपल्या. पैलवानाच्या छातीवर फुगवटे तसेच आहेत, पण मिशा अगदी स्वच्छ आल्यात. बाजूला स्टूलवर पाय हलवत बसलेलं पोरगं म्हणजे माझे बाबा, हे आईनं ओळखलं. टाकून दे म्हणणारी तीच होती. आता पाकिटांवर नावं तीच लिहितेय. बॉलपेन काढून घेऊन हातात पेन्सिल दिलीय, बरोबर ना?

डार्करूमवाला: बरोबर. फक्त निगेटिव्ह आत घालायच्या आधी लिहायला सांगा.