बाप्तिस्म्याआधी बाळ दगावलं तर तारणाचं काय?

वाटसरू:
योहान ३:५ प्रमाणे पाण्यापासून व आत्म्यापासून जन्मल्याशिवाय देवाच्या राज्यात प्रवेश नाही, म्हणजेच तारण (पापातून सुटका) नाही. मग बाप्तिस्म्याआधीच गेलेल्या बाळाचं काय? कॅथलिक चर्चने ‘लिंबो’ (अशा बाळांसाठी मानलेली स्वर्ग-नरकाव्यतिरिक्तची जागा) रद्द केला म्हणतात, खरं का? आणि धर्मगुरू वेळेत पोचणार नसतील तर बाप्तिस्मा कोण देऊ शकतं?

नीलमोहर:
लिंबो हा धर्मसिद्धांत कधी नव्हताच, रद्द काय करणार! आदामाकडून आलेल्या मूळ पापामुळे अशा अर्भकांनाही शिक्षा होते, पण सर्वांत सौम्य, असं प्राचीन चर्चमधल्या संत ऑगस्टीनचं मत होतं. मध्ययुगीन पंडितांना ते पचेना. त्यांनी मधली जागा काढली: यातना नाहीत, नैसर्गिक सुख आहे, पण देवाचं दर्शन नाही. २००७ मध्ये व्हॅटिकनच्या ईशज्ञान आयोगाने म्हटलं की या बालकांच्या तारणाची आशा धरायला भक्कम आधार आहेत. आशा, खात्री नव्हे. शब्द जाणूनबुजून निवडलाय. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाचा (कॅटेकिझम) परिच्छेद १२५७ वाचा: देवाने तारण बाप्तिस्म्याशी जोडलं, पण तो स्वतः संस्कारांनी बांधलेला नाही. त्यापुढच्याच परिच्छेदांत विश्वासासाठी मारले गेलेले (रक्ताचा बाप्तिस्मा) आणि बाप्तिस्म्याची तयारी चालू असताना वारलेले दीक्षार्थी (इच्छेचा बाप्तिस्मा) येतात.

ओंजळ:
जीव धोक्यात असेल तर कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतं, स्वतःचा झालेला नसला तरी. चर्च जे करतं तेच करायचं, एवढा हेतू हवा. साधं पाणी डोक्यावर तीनदा ओता आणि ओतता ओतताच म्हणा: “(नाव), मी तुला पित्याच्या व पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो/देते.”

घाईत चुका होतात. ओलं बोट कपाळाला टेकवून भागत नाही, पाणी त्वचेवरून वाहिलं पाहिजे. एकाने ओतायचं आणि दुसऱ्याने म्हणायचं, हेही नाही. ‘मी’ऐवजी ‘आम्ही’ म्हटलेला बाप्तिस्मा व्हॅटिकनने २०२० मध्ये अवैध ठरवला. धुगधुगी आहे की नाही कळत नसेल तर आधी “तू जिवंत असशील तर” जोडा. बाळ वाचलं तर पाणी पुन्हा ओतत नाहीत. उरलेले विधी चर्चमध्ये होतात. चर्चला कळवून नोंद मात्र करून घ्या.

वाटसरू:
आणि बाळ मृतच जन्मलं तर?

ओंजळ:
मग बाप्तिस्मा नाही, संस्कार जिवंतांसाठीच. पण आईवडिलांचा तो देण्याचा विचार होता, तर बिशपांच्या परवानगीने चर्चमध्ये अंत्यविधी होतो (कॅनन म्हणजे चर्चच्या कायद्याचं कलम, ११८३). दीक्षार्थ्यांना तर त्याच कॅननमध्ये अंत्यविधीपुरतं श्रद्धावंतांतच धरलंय.

गव्हाचादाणा:
हे सगळं कॅथलिक झालं. लूथरनांच्या (मार्टिन लूथरला मानणाऱ्या प्रोटेस्टंटांच्या) १५३०च्या आउग्सबुर्ग कबुलीतही, म्हणजे श्रद्धेच्या जाहीरनाम्यातही, बाप्तिस्मा तारणासाठी आवश्यकच आहे, तरी लूथरने १५४२ मध्ये आपोआप गर्भपात झालेल्या मातांना धीर देणारं लिहिलं. प्रेस्बिटेरियनांच्या वेस्टमिन्स्टर कबुलीत देवाने निवडलेली अर्भकं तारली जातात. ‘निवडलेली’ म्हणजे नेमकी कोण, यावर वाद अजून चालू आहे. बॅप्टिस्टांपुढे हा पेच असा उभाच राहत नाही, कारण ते अर्भकांना बाप्तिस्मा देतच नाहीत. ऑर्थोडॉक्स परंपरा आदामाचा दोष बाळाच्या माथी मारत नाही.

शिवाय लूक २३:४३ मधल्या वधस्तंभावरच्या चोराला येशूकडून “आज” सुखलोकाचं वचन मिळालं. त्याला पाण्याचा थेंब कुणी लावल्याचा उल्लेख नाही.