मदत हवी आहे: पंपाचा फ्लँज जुळेना, भिंतीकडून हातही जाईना

मंडळी, साखर कारखान्यात मेंटेनन्सला आहे. ऑफ सीझनला कच्च्या रसाचा एक पंप उतरवला, बेस नव्याने ग्राउट केला (खाली पातळ सिमेंट मिश्रण ओतून पक्का केला). कपलिंग, म्हणजे मोटर-पंपाच्या शाफ्टांचा जोड, अलाइन झालं, सगळे खूश. डिलिव्हरी लाईन जोडायला गेलो तर फ्लँज (टोकाच्या बोल्टने जोडायच्या चकत्या) जुळेना. लाईन ६ इंची, फ्लँजचा प्रेशर क्लास १५०, ८ बोल्ट.

एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला आरसीसी कॉलम, मधे पंप. भिंतीकडच्या तीन बोल्टांपाशी मनगटापर्यंतच हात जातो. रिंग पाना नटावर बसतो, पण फिरवायला वाव नाही. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) धरताच येईना, म्हणून ड्रिल बिटांच्या दांड्या घालून गॅप पाहिली. कॉलमकडे ५ मिमीची जेमतेम शिरते, भिंतीकडे ८ ची आरामात. २८० मिमीच्या फ्लँजवर ३ मिमीचा फरक! बोल्टची होलं ५ मिमी सरकलीत ते वेगळंच. एएसएमई बी ३१.३ ह्या पायपिंगच्या कोडमध्ये २०० मिमीला १ मिमी आणि होलांना ३ मिमी एवढीच सूट, म्हणजे दोन्हीत नापास.

हेडफिटर मामा म्हणतात, "चेन ब्लॉक लावून ओढू, डबल गॅस्केट टाकू, कशाला एवढं?" त्यांच्या वयाला मान म्हणून तोंडावर नाही म्हणवत नाही. पण गेल्या हंगामात ह्याच पंपाने दोनदा कपलिंगचं रबर खाल्लं, आणि माझा संशय ह्या ओढाताणीवरच आहे.

स्पूल (फ्लँजवाला पाईपचा तुकडा) कापावा का? की लूज, म्हणजे पाईपवर मोकळा फिरणाऱ्या, फ्लँजवर भागेल? मोळी टाकायला (गाळप सुरू व्हायला) फार दिवस उरले नाहीत.

प्रतिसाद:
भाऊ, कापण्याआधी वरचे यू-क्लॅम्प आणि लाईनच्या दुसऱ्या टोकाचा, हीटरकडचा फ्लँज सैल करा. मोकळा पाईप कुठे जाऊन थांबतो ते बघा. लूज फ्लँज नुसता फिरतो, पाईपच बाजूला गेलाय त्याला तो काय करणार? तरीही पाईप बाहेर राहिला तर एल्बोजवळ कापा, खालचा फ्लँज गॅस्केटसह चार स्टडांवर नीट बसवा, वर टॅक (वेल्डचे तात्पुरते ठिपके) मारा, मग स्पूल उतरवून पूर्ण वेल्ड बाहेर. टॅक मारताना अर्थिंग पाईपलाच द्या, पंपाला दिलंत तर करंट बेअरिंगमधून जायचा. भिंतीकडचे स्टड आधी घाला; वरून पाना फिरत नसेल तर खालचा नट आवळा, नाहीतर जुना पाना कापून तोकडा करा. आवळताना कपलिंगवर डायल (बारीक हालचाल दाखवणारं काट्याचं गेज) ठेवा. काटा ०.०५ मिमीच्या पुढे गेला की थांबा. मामांशी वाद घालू नका, काटा दाखवा. आणि होल जुळलं का बघायला कुणी बोट घालू नये!

मूळ प्रश्नकर्ता:
आज क्लॅम्प सोडले. पाईप खाडकन भिंतीकडे झुकला, गॅप कॉलमकडे ६ आणि भिंतीकडे ७ वर आली. होलं मात्र अजून ४ मिमी बाहेर. मामा काही बोलले नाहीत, पण ग्राइंडर आणायला स्वतःच गेले.