गुरगुरणाऱ्या कुत्रीसाठी दोन हजारांत काय करता येईल?

वैदर्भी_पुण्यात: नमस्कार मंडळी. सोसायटीच्या पार्किंगमध्ये वाढलेली एक गावठी कुत्री आम्ही पावसाळ्याआधी घरात घेतली. नसबंदी व लसीकरण झालेले आहे. एरवी ती अत्यंत मवाळ आहे. मात्र ती जेवत असताना कोणी जवळून गेले, की ती भराभर गिळू लागते, अंग ताठ करते आणि गुरगुरते, आणि गंमत म्हणजे त्याच वेळी तिची शेपूटही हलत असते. घरात ६ वर्षांचा मुलगा आहे. प्रशिक्षक, पट्टा, पुस्तक, काहीही सुचवावे. खर्च २,००० रुपयांच्या आत असावा.

डेक्कनचा_बंड्या: आमच्या लॅब्रॅडॉरला आम्ही २२,००० रुपये भरून निवासी प्रशिक्षणाला ठेवले होते आणि तो आता आज्ञेशिवाय घासही घेत नाही. बजेट थोडे वाढवा. कुत्रा हा कळपातला प्राणी असल्यामुळे घरात म्होरक्या कोण हे त्याला कळलेच पाहिजे. आधी आपण जेवावे, मग त्याला वाढावे.

रानवाटा: म्होरक्याची ही कल्पना रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली मांडलेल्या, बंदिवासातील लांडग्यांच्या निरीक्षणांतून आली आणि डेव्हिड मेक यांच्या १९७० सालच्या पुस्तकामुळे पसरली. त्याच मेक यांनी १९९९ साली लिहिले, की रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्ले असतात. शिवाय आपल्या घरात आहे तो लांडगा नव्हे.

मूळ प्रश्नाकडे येतो. हलणारी शेपूट म्हणजे मैत्री असे नाही, ती केवळ उत्तेजना दाखवते. कंबरेसकट सैल हलणारी शेपूट वेगळी आणि उंच, ताठ राहून टोकाशी थरथरणारी वेगळी. तोंड भांड्यातच ठेवून ती डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहते का आणि तेव्हा डोळ्याचा पांढरा भाग दिसतो का, हे लांबूनच पाहा. गुरगुरण्यावर ओरडू नका. ती इशारा देत आहे, आणि इशारा देणे बंद झाले तर पुढच्या वेळी थेट दात लागतील.

कारवानीवाला: आमच्या कारवानी हाउंडच्या भांड्यात आम्ही पिल्लूपणापासून हात घालत आलो, त्यामुळे हा प्रश्न कधी उद्भवलाच नाही. विकतचे खाद्य बंद करून भाकरी व ताक सुरू करा. देशी जातीची किंमत आपल्याच लोकांना नाही, हे दुर्दैव आहे.

सोनचाफा: कृपया हात घालू नका. पंगतीत आपल्या पानातली जिलबी रोज कोणी उचलू लागले, तर आपणही पान झाकूनच बसू. याच्या उलट करावे: ती सैल असते तेवढ्या अंतरावरून उकडलेल्या कोंबडीचा तुकडा तिच्याकडे टाकावा आणि लगेच निघून जावे. माणूस आला की पानात भर पडते हे तिला पटले, की काही आठवड्यांत अंतर हळूहळू कमी करता येते. हे मोठ्यांनीच करावे.

टिळकरोड: वर सांगितलेच आहे, पण पुन्हा सांगतो, ओरडू नका. आमच्या भाच्याला शेजारच्या ‘काही करत नाही’ अशा कुत्र्याने चावा घेतला आणि मालकाने साधी विचारपूसही केली नाही. दात लागलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. कुत्रीचे लसीकरण झाले आहे म्हणून थांबू नये. हे वागणे अलीकडेच सुरू झाले असेल, तर दात दुखत असण्याचीही शक्यता आहे.

डेक्कनचा_बंड्या: लांडग्यांचे राहू द्या. आमच्याकडे गुण आला.

वैदर्भी_पुण्यात: सर्वांचे आभार. दातांची तपासणी करून घेते. सासूबाई घरात मांसाहार येऊ देत नाहीत, त्यामुळे कोंबडी बाद. प्रशिक्षक आणि पट्टाही तूर्त नको. लहान मुलांसाठी मिळते ते जाळीचे फाटक १,८०० रुपयांत पाहिले आहे. ते बाल्कनीच्या दाराला बसवून ती आत एकटीच जेवेल आणि भांडे रिकामे होईपर्यंत तिकडे कोणीही फिरकणार नाही.

कारवानीवाला: आमची कारवानी असले फाटक उभ्या उभ्या ओलांडते.

रानवाटा: त्यांची कुत्री कारवानी नाही.

डेक्कनचा_बंड्या: फाटकाच्या पैशांत थोडी भर घातली असती, तर प्रशिक्षकाचा पहिला हप्ता निघाला असता.