शॉप ॲक्टपुरतं थांबू नका
घरी रुग्णांची काळजी घ्यायला माणसं पाठवणारा ब्युरो सुरू करायला शॉप ॲक्टचा, म्हणजे दुकाने व आस्थापना कायद्याचा, कागद लागतो. महाराष्ट्रात २०१७ च्या कायद्यात त्यासाठी १० माणसांची मर्यादा होती, २०२५ च्या दुरुस्तीने ती २० झाली: २० पेक्षा कमी माणसं कामाला असतील तर ऑनलाइन सूचना पुरते, २० झाली की नोंदणी लागते. पण त्या कागदाने इंजेक्शन द्यायचा अधिकार मिळत नाही.

आमच्याकडे पहिल्याच महिन्यात एका आजोबांच्या घरच्यांनी मावशींनाच, म्हणजे काळजी घ्यायला पाठवलेल्या बाईंनाच, इन्सुलिन टोचायला सांगितलं. मावशी फार मायेच्या, पण नर्सिंग शिकलेल्या नाहीत. तेव्हापासून जीएनएम, एएनएम हे नर्सिंगचे कोर्स झालेल्या प्रत्येकीचं महाराष्ट्र परिचर्या परिषदेचं नोंदणीपत्र मुदतीसकट बघूनच कामावर पाठवते. आणि मावशी काय करणार नाहीत, तेही घरच्यांकडून आधीच सहीनिशी लिहून घेते: सुई, कॅथेटर (लघवीची नळी), नाकातली नळी.