मदत हवी आहे: रोमन राजघराण्यावरची कादंबरी अर्ध्यात सोडू का?

वाचनवेडी: रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस याच्यापासून सम्राट नीरोपर्यंतच्या काळावरची जाडजूड इंग्रजी कादंबरी घेतली आहे. भाषा अडत नाही, माणसं अडतात. ड्रूसस मेला म्हणून पुढे जावं, तर पुढच्या प्रकरणात ड्रूसस पंगतीला हजर! कोण कोणाच्या जिवावर का उठलंय तेही कळेना. नाद सोडू की काही उपाय आहे?

जुनी वही: ड्रूसस तीन आहेत. पहिला टिबेरियसचा (ऑगस्टसनंतरचा सम्राट) धाकटा भाऊ, इ.स.पू. ९ मध्ये जर्मनीच्या मोहिमेवर असताना मेला. दुसरा टिबेरियसचा मुलगा, मृत्यू इ.स. २३. तिसरा पहिल्याचा नातू, इ.स. ३३ मध्ये कैदेत उपाशी मारला. समासात पेन्सिलीने १, २, ३ घालत चला.

वंशावळ मात्र स्वतः काढा, आणि बायकांपासून सुरू करा. ऑगस्टसला मुलगा नव्हता, त्यामुळे पुरुषांच्या ओळीने गेलं की पहिल्याच पायरीवर रेघ तुटते. कागद आडवा धरून वर तीन नावं: बायको लिव्हिया, बहीण ऑक्टेव्हिया, मुलगी ज्युलिया. लिव्हियाखाली पहिल्या नवऱ्यापासूनचे टिबेरियस आणि ड्रूसस १. ऑक्टेव्हियाखाली मार्सेलस, शिवाय मार्क अँटनीपासूनच्या थोरली व धाकटी अँटोनिया. ज्युलियाखाली तिचे नवरे क्रमाने: मार्सेलस, अग्रिप्पा (ऑगस्टसचा सेनापती), टिबेरियस; जगलेली पाचही मुलं अग्रिप्पाची. आता धाकट्या अँटोनियाला ड्रूसस १ शी जोडा, जर्मॅनिकस आणि क्लॉडियस मिळतील. जर्मॅनिकसला ज्युलियाची मुलगी अग्रिप्पिना हिच्याशी जोडा: कॅलिगुला आणि त्याची बहीण, म्हणजे नीरोची आई, मिळतील. तिन्ही रांगा इथे एकत्र येतात.

दत्तक तुटक रेघेने दाखवा. दत्तक म्हटलं की आपल्याला मांडीवर बसवलेलं पोर आठवतं, इथे इ.स. ४ मध्ये ऑगस्टसने ४४ वर्षांचा टिबेरियस दत्तक घेतला, आणि त्याला स्वतःचा मुलगा असतानाही पुतण्या जर्मॅनिकस दत्तक घ्यायला लावला. अर्धी भांडणं या एका वर्षातून निघतात.

शिलालेख: वारसाचा कायदाच नव्हता, कारण कागदोपत्री राजा हे पदच नव्हतं. त्यामुळे ट्रिब्यूनचे (जनतेच्या प्रतिनिधीचे) अधिकार कोणाला मिळाले तेवढं बघा, वारस कोण ते त्यावरून कळतं: अग्रिप्पाला इ.स.पू. १८, टिबेरियसला इ.स.पू. ६. टिबेरियस त्याच वर्षी रुसून र्‍होड्सला जाऊन बसला, कारण ज्युलियाचे मुलगे गायस आणि लुसियस मोठे होत होते. दोघेही इ.स. ४ पर्यंत वारले.

विषप्रयोगाच्या गोष्टींवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. मार्सेलसला लिव्हियाने मारल्याचा प्रवाद रोमन इतिहासकार डिओ देतो, पण त्या काळात रोमात रोगराईने पुष्कळ माणसं मेली हेही तोच सांगतो. कादंबरीकार सोयीचं तेवढं उचलतात.

पानउलट: तरीही जमलं नाही तर थेट इ.स. ३७ वर, कॅलिगुला सम्राट होतो तिथे, उडी मारा. तोवर बहुतेक नातेवाईक मेलेले असल्याने नावं आपोआप कमी होतात :) जर्मनीतल्या लढाया चाळल्या तरी चालतं, फक्त इ.स. ९ मधला रोमन सेनापती व्हारसचा पराभव सोडू नका. तिथे तीन लीजन (रोमन सैन्याच्या मोठ्या तुकड्या) कापल्या गेल्या, जर्मॅनिकस पुढे तिकडे का जातो ते त्याशिवाय उमगत नाही.

वाचनवेडी: कागद भरला, ड्रूसस सुटले. लिव्हिला कुठे घालू?

जुनी वही: जर्मॅनिकसची बहीण. आधी गायसची बायको, मग ड्रूसस २ ची. तिच्या शेजारी सेजॅनस (टिबेरियसच्या अंगरक्षक दलाचा प्रमुख) लिहून ठेवा, लागेल.